वार पडेपर्यंत

३० ऑगस्ट १७९७ च्या रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी लंडनमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट यांना मुलगी झाली. स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ मध्ये पुस्तक लिहून गाजलेल्या या लेखिकेचं वय तेव्हा अडतीस होतं. बाळंतपण घरीच, सुइणीच्या हातून झालं होतं. पण रात्रीचे दोन वाजून गेले तरी वार पडली नव्हती. पहाटे डॉक्टर आले. त्यांनी गर्भाशयात हात घालून वार तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढली. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती, आणि हात धुऊन मगच आत घालावा हेही कुणाला माहीत नव्हतं. रक्त इतकं गेलं की त्या पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडत होत्या. सगळी वार निघाली असं डॉक्टरांना वाटलं, पण काही भाग आत राहूनच गेला होता, असं त्यांचे पती विल्यम गॉडविन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. काही दिवसांत अंगात थंडी वाजून ताप भरला आणि १० सप्टेंबरला त्या गेल्या. मागे राहिलेली ती तान्ही मुलगी म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणारी मेरी शेली.

बाळंतज्वर डॉक्टरांच्याच हातांतून पसरतो, हे व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये दाखवून दिलं. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात भूल वापरायला सुरुवात केली तीही त्याच वर्षी. म्हणजे वुलस्टनक्राफ्ट यांना दोन्ही गोष्टी पन्नास वर्षांनी हुकल्या. त्यांचा जीव बाळाच्या जन्मात गेला नाही. तो गेला बाळ बाहेर आल्यानंतरच्या कामात, आणि त्या कामाबद्दल आपण फार कमी बोलतो.

आपल्याकडे दवाखान्यातून पहिला फोन येतो तो ‘सुटका झाली’ असा. मुलगा की मुलगी, वजन किती, रंग कुणाचा, याची चौकशी होते, पेढे आणायला कुणीतरी बाहेर पडतं. त्या वेळी आत टेबलावर बाई अजून पूर्ण मोकळी झालेलीच नसते. डॉक्टरी भाषेत प्रसूतीच्या तीन अवस्था असतात. गर्भाशयाचं तोंड उघडणं ही पहिली, बाळ बाहेर येणं ही दुसरी आणि वार पडणं ही तिसरी. सर्वांत कमी वेळ घेणारी अवस्था हीच, आणि आईच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो तोही इथून पुढे. जगभरात बाळंतपणाशी निगडित जेवढ्या बायका दगावतात, त्यांतल्या साधारण एक चतुर्थांश अतिरक्तस्रावाने जातात, आणि त्यांतल्या बहुतेकींचं रक्त बाळ झाल्यानंतरच गेलेलं असतं. म्हणून ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे वाक्य वार पडून, ती तपासून, पुढचे दोन तास नीट गेल्यावरच उच्चारावं, असं माझं ठाम मत आहे.

वार हा नऊ महिन्यांपुरता तयार होणारा अवयव आहे आणि तो मुख्यतः बाळाचा असतो. ज्या फलित बीजापासून बाळ घडतं, त्याच्याच पेशींतून वार घडते. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाची वार साधारण अर्धा किलो वजनाची, वीस-बावीस सेंटिमीटर रुंद आणि मधोमध दोन-तीन सेंटिमीटर जाड असते. तिची बाळाकडची बाजू गुळगुळीत, चमकदार, निळसर करडी दिसते. मधून नाळ निघालेली असते आणि तिथून रक्तवाहिन्या चहूकडे फाकलेल्या असतात. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस खंडांत विभागलेली असते. कडेने पातळ पडदे लोंबत असतात. पाणमोट म्हणतात ती याच पडद्यांची.

गोठा असलेल्या घरात जार पडण्याची वाट बघणं सगळ्यांना ठाऊक असतं. गाय व्याली की जार पडायला काही तास लागतात; बारा तास थांबायला हरकत नसते. त्यापुढे अडकली तर जनावरांच्या डॉक्टरला बोलावतात, आणि तेव्हाही चिंता असते ती सडण्याची आणि तापाची, रक्त जाण्याची नव्हे. मग बाईच्या बाबतीत अर्ध्या तासातच धावपळ का सुरू होते? कारण दोघींची वार आईला चिकटते वेगवेगळ्या पद्धतीने. गाईच्या गर्भाशयात सत्तर ते एकशेवीस गाठींसारख्या जागा असतात आणि त्यांवर जार फक्त वरवर बसते. गाईच्या रक्तवाहिन्या शाबूत राहतात. माणसात मात्र बाळाकडच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत खोल शिरतात. आईच्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडतात, त्यांच्या भिंतींतला स्नायू नाहीसा करतात, आणि त्या वाहिन्या रुंद, सैल करून टाकतात. आईचं रक्त थेट वारेच्या बारीक फांद्यांभोवती येऊन साठतं. यामुळे बाळाला सलग, भरपूर रक्तपुरवठा मिळतो. पण वार सुटते तेव्हा या सैल झालेल्या वाहिन्यांना आपलं तोंड आपण मिटता येत नाही, कारण मिटायला लागणारा स्नायूच त्यांच्यात उरलेला नसतो.

दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जातं. गरोदर बाईच्या अंगात एकूण रक्त सहा लिटरच्या आसपास. मनात भागाकार करून पाहिला की कळतं, ती तोंडं उघडीच राहिली तर हाताशी किती मिनिटं आहेत. आणि तरीही बहुतेक बायांना काहीच होत नाही. हे श्रेय गर्भाशयाच्या मधल्या थराचं आहे. त्या थरातले स्नायूंचे धागे एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या फटींतून जातात. बाळ आणि वार दोन्ही बाहेर पडल्यावर गर्भाशय जोरात आकसतं आणि हे धागे प्रत्येक वाहिनीला आवळून टाकतात. डॉक्टरी पुस्तकांत यांना जिवंत टाके म्हणतात. हे टाके घट्ट बसायला गर्भाशय रिकामं असावं लागतं. आत वार, वारेचा तुकडा किंवा रक्ताची मोठी गाठ राहिली, तर ते पूर्ण आकसू शकत नाही. पुढे लघवीने भरलेलं मूत्राशय असलं तरी अडथळा होतो. म्हणून नर्स आधी लघवी करवते किंवा नळी घालून काढते, आणि बाईला वाटतं की या वेळी हे काय.

वार सुटते तीही या आकसण्यानेच. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय एकदम लहान होतं, पण वार आकसू शकत नाही. फुगवलेल्या फुग्यावर कागद चिकटवला आणि हवा सोडली तर कागद जसा सुटेल, तशी ती सुटते. सुटल्याची लक्षणं बाहेरून ओळखता येतात. थोडं रक्त एकदम येतं. बाहेर दिसणारी नाळ आपोआप लांबते. पोटावर हात ठेवला तर आतापर्यंत पसरट, मऊ लागणारं गर्भाशय गोल, कडक होऊन थोडं वर सरकलेलं जाणवतं. अनुभवी सिस्टर एक हात पोटावर ठेवून नुसती उभी असते आणि बघणाऱ्याला वाटतं ती काहीच करत नाही. खरं तर ती या तीन खुणांची वाट बघत असते. खुणा दिसण्याआधी नाळ ओढली तर नाळ तुटू शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे चिकटलेल्या वारेबरोबर गर्भाशयच आतून बाहेर उलटं होऊ शकतं. असं क्वचित होतं, पण झालं तर बाई काही मिनिटांत हाताबाहेर जाते.

वार अडली तर काय करावं, हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात मूल जन्मल्याबरोबर ‘अपरा’ पडली की नाही हे पाहायला सांगितलं आहे. नसेल पडली तर एका बाईने नाभीच्या वर उजव्या हाताने दाबावं, डाव्या हाताने पाठीकडून धरून हलवावं, टाचेने कमरेवर ठोकावं, आणि वेणीच्या टोकाने घसा व टाळू घासावा, असे उपाय येतात. धुरीही सांगितली आहे. केस तोंडात घालून ओकारी काढण्याचा हा उपाय खेड्यापाड्यांतल्या सुइणी अगदी अलीकडेपर्यंत करत होत्या. त्यात तथ्य अगदीच नव्हतं असं नाही. ओकारीने किंवा खोकण्याने पोटात दाब वाढतो आणि सुटून खाली येऊन थांबलेली वार त्या दाबाने बाहेर पडते. पण न सुटलेली वार ओकारीने सुटत नाही. पोटावर पाय देणं, गुडघ्याने दाबणं, हाताला तेल लावून घरीच आत हात घालणं या प्रकारांनी मात्र नुकसानच झालं आहे.

सुइणींच्या एका रिवाजाला आजच्या विज्ञानाने अर्धा दुजोरा दिला आहे. पुष्कळ ठिकाणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. विसाव्या शतकात दवाखान्यांनी उलट टोक गाठलं. बाळ बाहेर आलं की लगेच चिमटा लावून नाळ कापायची. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ बांधायला एक ते तीन मिनिटं थांबावं. तेवढ्या वेळात वारेतलं ऐंशी ते शंभर मिलिलिटर रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोहाची शिदोरी मिळते. ज्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे ही तीन मिनिटं फार मोलाची आहेत. मात्र जुन्या पद्धतीत वार पडेपर्यंत बाळ तासन्‌तास उघडं, गारठत पडून राही, ते चूकच होतं. बाळाला पुसून, आईच्या उघड्या छातीवर ठेवून, वरून पांघरूण घालून हा वेळ जाऊ द्यायचा असतो. बाळाने चोखायला सुरुवात केली की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं आणि गर्भाशय आणखी आकसतं. छातीशी बाळ असताना पोटात कळ येते, ती याचीच.

हेच ऑक्सिटोसिन आज सुईतून दिलं जातं आणि तिसऱ्या अवस्थेचा सगळा इतिहास त्याने पालटला. त्याआधी युरोपात अर्गट वापरत. राय या धान्याच्या कणसावर वाढणारी ही काळी बुरशी. न्यू यॉर्क राज्यातले डॉक्टर जॉन स्टर्न्स यांनी १८०८ मध्ये तिची माहिती छापली, ती कळा वाढवण्यासाठी म्हणून. पण मात्रा सांभाळता येईना. बाळ आत असताना गर्भाशय इतकं आवळलं जाई की ते फाटे आणि बाळ गुदमरे. डेव्हिड होसॅक यांनी १८२४ मध्ये बजावलं की बाळ बाहेर आल्यावर रक्त थांबवण्यापुरतंच हे औषध वापरा. त्यातलं नेमकं द्रव्य, अर्गोमेट्रिन, १९३५ मध्ये लंडनमध्ये चॅसर मोइर आणि हॅरल्ड डडली यांनी वेगळं काढलं. त्याच घराण्यातलं मेथर्जिन आपल्याकडच्या प्रत्येक प्रसूतिगृहात असतं. रक्तदाब वाढलेला असेल तर मात्र ते देत नाहीत. ऑक्सिटोसिनची कथा १९०६ ची. हेन्री डेल यांना मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकसताना दिसलं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही हे हाताने चाचपून, एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत टोचायचं, ही आजची पद्धत आहे. इंजेक्शन, खुणा दिसल्यावर एका हाताने गर्भाशय वर अडवून धरून दुसऱ्या हाताने नाळेला हलका, सलग ताण देणं, आणि नंतर गर्भाशय कडक आहे ना ते पाहणं, या सगळ्याला मिळून तिसऱ्या अवस्थेची सक्रिय हाताळणी म्हणतात. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलचा १९८८ सालचा अभ्यास या बाबतीत वळण देणारा ठरला. नुसती वाट पाहिलेल्या बायांपैकी १७.९ टक्क्यांना अतिरक्तस्राव झाला, सक्रिय हाताळणी केलेल्यांत ५.९ टक्क्यांना. मग या तीन गोष्टींतली खरी कामाची कोणती, हे शोधायला आठ देशांत सुमारे चोवीस हजार बायांवर मोठा अभ्यास झाला. भारत त्यात होता. २०१२ मध्ये निष्कर्ष आला की नाळेला ताण दिला नाही तरी गंभीर रक्तस्रावात फारसा फरक पडत नाही. बहुतेक काम इंजेक्शनच करतं. नाळ ओढण्याचं शिक्षण नसलेल्या नर्सने ती ओढूच नये, इंजेक्शन मात्र चुकवू नये, हा त्याचा सरळ अर्थ.

अडचण अशी की ऑक्सिटोसिनला थंडावा लागतो, दोन ते आठ अंश. भर उन्हाळ्यात वीज जाणाऱ्या उपकेंद्रात ट्रेमध्ये ठेवलेली अँप्यूल पाण्यासारखीच दिसते आणि हळूहळू पाण्यासारखीच होते. टोचणाऱ्याला वाटतं औषध दिलं. उष्णता सोसणाऱ्या कार्बेटोसिनवर दहा देशांत जवळपास तीस हजार बायांवर प्रयोग झाला आणि ते ऑक्सिटोसिनच्या बरोबरीचं असल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. त्याच वर्षी आपल्या देशात वेगळंच घडत होतं. म्हशींनी पान्हा सोडावा म्हणून गोठ्यांत ऑक्सिटोसिन सर्रास टोचलं जातं, या कारणावरून केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी त्याचं उत्पादन बंद करायला सांगितलं. एकट्या सरकारी कर्नाटक अँटिबायोटिक्स कंपनीने ते बनवायचं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हा आदेश रद्द केला. गोठ्यातला गैरवापर थांबायलाच हवा. पण देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळंतपणं होतात आणि त्या प्रत्येक बाईला लागणारं औषध एकाच कारखान्यावर सोपवणं हे मला आजही धडकी भरवणारं वाटतं.

इंजेक्शन नाही, फ्रिज नाही, टोचणारी नाही, अशा ठिकाणी काय करावं? याचं उत्तर आपल्या अगदी शेजारी, बेळगावात मिळालं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने अमेरिकी संशोधकांबरोबर आसपासच्या खेड्यांत प्रयोग केला. १६२० बाया, बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, हाताशी फक्त एएनएम नर्स. निम्म्या बायांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, एकूण ६०० मायक्रोग्रॅम. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला होता, आणि लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. थंडी वाजून थोडा ताप येतो, पण तो उतरतो. गोळीला फ्रिज लागत नाही आणि सुईही लागत नाही.

या प्रयोगातून आणखी एक वस्तू मिळाली आणि मला ती गोळीइतकीच महत्त्वाची वाटते. रक्त किती गेलं हे मोजायचं कसं? साडी, पोलकं, फरशी, बादली, कापसाचे बोळे. रक्त सगळीकडे मुरतं आणि नजरेचा अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघतो. बेळगावच्या गटाने बाईच्या कमरेखाली अंथरायची एक प्लास्टिकची चादर वापरली. तिचं खालचं टोक निमुळत्या पिशवीसारखं, त्यावर मिलिलिटरच्या रेघा आखलेल्या. बाळ झाल्यावर, गर्भजल वाहून गेलं की चादर सरकवायची. रक्त पिशवीत गोळा होतं आणि रेघ वाचता येते. जवळपास दीड दशकानंतर केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर एक अभ्यास झाला. त्यात अशीच मापाची चादर अंथरली होती आणि रेघ ओलांडली की गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक आम्ल, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदमच करायचं असं ठरवलं होतं. २०२३ मध्ये आलेल्या निकालात गंभीर रक्तस्रावाचं आणि त्यापुढच्या गुंतागुंतीचं प्रमाण साठ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. औषधं नवी नव्हती. वेळेवर कळलं आणि सगळं एकदम केलं, एवढाच फरक होता.

वेळेवर कळणं अवघड असतं, कारण तरुण बाईचं शरीर बराच वेळ दाद देत नाही. नाडी थोडी वाढते, तळहात गार पडतात, तहान लागते, जीव घाबरल्यासारखा होतो. रक्तदाब मात्र बऱ्यापैकी टिकून असतो आणि मग एकदम कोसळतो. ‘बाई बोलतेय की चांगली’ असं म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. मुळात रक्त कमी असलेल्या बाईला तर अर्धा लिटरही सोसत नाही.

वर ट्रॅनेक्झामिक आम्लाचा उल्लेख आला, त्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. रक्ताची गाठ विरघळू न देणारं हे औषध जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये शोधलं. बाळंतपणात बायका रक्त जाऊन मरतात, त्यांच्यासाठी ते वापरून पाहावं असा उताकोंचा आग्रह होता. कुणी मनावर घेतलं नाही. अखेर २१ देशांत वीस हजार बायांवर प्रयोग झाला आणि तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. उताको त्याआधीच्या वर्षी वारल्या होत्या.

वार पडली की काम संपत नाही. ती ट्रेमध्ये घेऊन सिस्टर दिव्याखाली जाते. रक्ताच्या गाठी हलकेच पुसून आईकडची लाल बाजू वर करते, दोन्ही तळव्यांवर पसरते. खंड एकमेकांना नीट भिडतात का पाहते. मध्येच खड्डा दिसला, कड फाटकी वाटली तर एखादा खंड आत राहिला आहे. मग नाळेला धरून वार उचलते. पडदे खाली लोंबतात, त्यांत हात घालून ते पसरते आणि बाळ आलं ते भोक सोडून बाकी पडदा अखंड आहे ना ते बघते. पडद्यात एखादी रक्तवाहिनी कडेपर्यंत जाऊन मध्येच तुटलेली दिसली, तर वारेचा एक वेगळा छोटा तुकडा आत असण्याची शक्यता असते. नाळेच्या कापलेल्या टोकाला दोन धमन्या आणि एक शीर, अशी तीन तोंडं मोजते. दोनच दिसली तर बाळ जास्त बारकाईने तपासायला सांगते. या साऱ्याला दोन-तीन मिनिटं लागतात. वुलस्टनक्राफ्ट यांच्या वेळी तुकड्यांची जुळणी अशी करून पाहिली असती तर राहिलेला भाग कदाचित लक्षात आला असता.

पूर्वी घरच्या बाळंतपणात वार हळदकुंकू वाहून परसात किंवा न्हाणीजवळ पुरत. आता दवाखान्यात ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते. कुणाला घरी नेऊन पुरायची असेल तर आधीच विचारून ठेवावं. पण तपासणी होईपर्यंत ती टाकू किंवा पुरू नये.

अर्ध्या तासात वार पडली नाही तर तिला अडकलेली म्हणतात. शंभरातल्या एक ते तीन बायांत असं होतं. मग भूल देऊन, निर्जंतुक लांब हातमोजा घालून डॉक्टर नाळेचा माग काढत आत हात नेतात, बाहेरून दुसऱ्या हाताने गर्भाशय धरतात आणि बोटांच्या कडेने वार भिंतीपासून सोडवतात; सोबत अँटिबायोटिक देतात. कृती तीच, १७९७ ची. फरक भूल, स्वच्छता, रक्त आणि औषध यांचा.

काही वेळा वार सुटतच नाही, कारण ती भिंतीत रुतलेली असते. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार बसली की असं होण्याचा धोका वाढतो आणि सिझेरियनच्या संख्येबरोबर चढत जातो. गर्भाशयाच्या तोंडाशी वार असलेल्या बायांत, दुसऱ्या सिझेरियनला अकरा टक्के आणि तिसऱ्याला चाळीस टक्के जणींची वार रुतलेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, ही अभिमानाची गोष्ट. त्याच फेरीत चारातल्या एका बाळंतपणाला सिझेरियन असल्याचंही दिसतं. आज गरज नसताना केलेलं पहिलं सिझेरियन चार वर्षांनी त्याच बाईच्या तिसऱ्या अवस्थेत उभं राहतं, आणि कित्येकदा गर्भाशयच काढावं लागतं. आधी सिझेरियन झालेलं असेल तर सोनोग्राफीत वार व्रणावर आहे का, हे आवर्जून विचारावं, आणि असेल तर रक्तपेढी जवळ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच बाळंतपण ठरवावं.

घरी आल्यावरही काही दिवस लक्ष ठेवायचं असतं. बाळंतिणीच्या अंगावरून जाणं हळूहळू कमी व्हायला हवं, रंग फिका व्हायला हवा. तासाभरात पॅड चिंब झालं, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास येऊ लागला, ताप किंवा हुडहुडी भरली, कमी झालेलं जाणं दहा-बारा दिवसांनी पुन्हा लाल सुरू झालं, तर ‘बाळंतपणात असं चालायचंच’ म्हणून काढा देत बसू नये. आत वारेचा तुकडा राहिलेला असू शकतो. १०८ ला फोन करून तिला दवाखान्यात न्यावं. सोनोग्राफीत तो दिसतो, आणि काढता येतो.